लाईट गेली की पडली?

यवतमध्ये संध्याकाळी एकदम अंधार झाला की बॅटरी शोधायच्या आधी सगळे एकच काम करतात. दारात येऊन शेजारच्या खिडकीकडे बघतात. तिथेही अंधार असेल तर लाईट ‘गेली’. तिथे टीव्ही चालू दिसला तर आपली ‘पडली’. गेलेल्या लाईटची वाट बघायची असते. पडलेल्या लाईटचा शोध मात्र आपल्यालाच घ्यावा लागतो, कारण ती आपल्याच घरातल्या कशाने तरी पाडलेली असते.

माझ्या लहानपणी लाईट ‘पडत’ नसे, फ्यूज ‘उडत’ असे. सासूबाईंच्या लहानपणी तर दोन्ही शब्द नव्हते, वाऱ्याने कंदील विझला एवढंच. अलीकडे ओळखीतल्या तीन-चार जणींनी मला एकच प्रश्न विचारला: घरात नवीन डबा बसवला, चांगले पैसे घातले, तरी लाईट सारखी का पडते? पूर्वी तर महिनोन्‌महिने काही व्हायचं नाही! याचं उत्तर वायरमनकडे अर्धंच असतं. उरलेलं अर्धं जुन्या गोष्टींत आहे, म्हणून आज जरा मागे जाऊन सांगते.

वीज पुणे जिल्ह्याला नवी नाही. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज तयार केली. ती मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. पुढे मुळशीला धरण बांधायचं ठरलं तेव्हा सेनापती बापटांच्या पुढाकाराने १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. तो हरला, गावं पाण्याखाली गेली आणि १९२७ साली कोकणात भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. मुळेचं जे पाणी मुठेला मिळून पुढे आमच्या तालुक्याच्या कडेने भीमेत आलं असतं, ते सह्याद्री उलटा उतरून मुंबईचे माग फिरवायला गेलं. १९३० सालापर्यंत मुंबई–पुणे रेल्वेसुद्धा विजेवर धावू लागली होती. आमच्या यवत स्टेशनावरून जाणाऱ्या पुणे–दौंड मार्गाचं विद्युतीकरण व्हायला मात्र २०१७ साल उजाडलं. पुण्यापासून इथवर येणाऱ्या चाळीस-एक किलोमीटर तारेला ऐंशीच्या वर वर्षं लागली! हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. (थोडी तक्रार आहेच.) सांगायचं हे की खेड्यातल्या घरात वीज उशिरा आली, थोडी आली आणि हप्त्याहप्त्याने आली. लाईट पडण्याचं मूळ त्या हप्त्यांत आहे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झालं, कोयनेची वीज आली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गावोगाव खांब उभे राहिले. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा घरात दोन दिवे होते, एक ओसरीत आणि एक माजघरात, दोन्ही चाळीस वॅटचे. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. त्याची गरज आहे असं कोणाला वाटलं नाही, कारण सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची आणि चूल झाकायची. दोन दिव्यांसाठी लाकडी पट्टीवरून अॅल्युमिनियमची बारीक वायर फिरवली होती आणि दारामागे काळ्या मेन स्विचशेजारी एक पांढरा चिनी मातीचा फ्यूज होता. त्याला सगळे किटकॅट म्हणायचे. अजूनही जुन्या वाड्यांत तो दिसतो.

या फ्यूजची गोष्ट एडिसनपर्यंत मागे जाते. न्यूयॉर्कला त्याने ४ सप्टेंबर १८८२ रोजी घरांना वीज विकायला सुरुवात केली, पण त्याच्याही दोन वर्षं आधी, १८८० साली, त्याने सुरक्षा-तारेचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. दुकान उघडायच्या आधीच आग लागली तर काय करायचं हे ठरवलेला माणूस! कल्पना अगदी सोपी आहे. तारेतून जास्त वीज वाहिली की तार तापते. मग सगळ्या घरात एक जागा मुद्दाम कमकुवत ठेवायची, म्हणजे तापून वितळायचं असेल तर तीच तार वितळेल आणि भिंतीतली वायर वाचेल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फ्यूज माणसाला वाचवायला जन्मलेला नाही. तो वायरला वाचवतो, पर्यायाने घराला आगीपासून वाचवतो. बस, एवढंच.

आणि तेवढंही काम आपण त्याला नीट करू दिलं नाही. फ्यूज उडाला की घरातला जो कोणी धीट पुरुष असेल तो स्टुलावर चढायचा, जुन्या वायरीतून तांब्याचा एक तंतू सोलून काढायचा आणि फ्यूजमध्ये गुंडाळायचा. परत उडाला की दोन तंतू. मग तीन. “आता नाही उडणार” हे वाक्य मी कितीतरी घरांत अभिमानाने म्हटलेलं ऐकलंय. खरंच उडायचा नाही. जी सगळ्यात कमकुवत कडी हवी तीच घरातली सगळ्यात दणकट कडी झालेली असायची, आणि तापायची ती पट्टीवरची अॅल्युमिनियमची वायर. पूर्वी महिनोन्‌महिने काही व्हायचं नाही, त्याचं निम्मं कारण हे. होत होतं, फक्त कळत नव्हतं.

घरात पुढे एकेक पाहुणा येत गेला. पंखा, इस्त्री, मिक्सर, मग फ्रीज. मग बोअरची किंवा टाकीत पाणी चढवायची मोटार, गीझर, वॉशिंग मशीन, आणि आता इंडक्शन, एसी. पाहुणे वाढले तरी बऱ्याच घरांत भिंतीतली वायर दोन दिव्यांच्याच जमान्यातली राहिली. खोली वाढवली की जुन्या खोलीच्या बोर्डातून पुढे वायर ओढली. रंग दिला, फरशी बदलली, डबा नवा बसवला, पण आतली वायर तीच.

नव्या डब्यात जी बटणं असतात तो एमसीबी. तो काही काल-परवाचा शोध नाही. जर्मनीतल्या मानहाइम शहरात ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ साली त्याचं पेटंट घेतलं. आधी तो फ्यूजच्याच खाचेत फिरवून बसवायचा असा होता. आपल्याकडच्या साध्या घरांत तो पोचायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली. त्याच्या इवल्याशा डबीत दोन वेगवेगळे पहारेकरी आहेत. एक फार घाईचा आणि एक अगदी सावकाश चालणारा.

घाईचा पहारेकरी म्हणजे तारेचं वेटोळं. कुठे फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडले की एका क्षणात वीज शेकडो अँपिअरवर जाते, वेटोळ्याचं लोहचुंबक होतं आणि खटका पडतो. आपण बटण वर करायला जातो तर ते वर राहातच नाही, ठक्‌कन खाली येतं. असं झालं तर परत परत वर करत बसू नका. तो शॉर्ट सर्किट आहे.

सावकाश पहारेकरी म्हणजे दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी. दोन्ही धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी हळूहळू वाकते आणि पुरेशी वाकली की खटका सोडते. हिच्यामुळेच आपला गोंधळ होतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर गेलं की लगेच पडतो असं आपण समजतो. तसं नाहीये. नियमाप्रमाणे त्याने सव्वाअठरा नाही, पण अठरा अँपिअरपर्यंत तासभर टिकलंच पाहिजे, आणि २३ च्या थोडं वर गेलं तर तासाभरात पडलंच पाहिजे. मधल्या जागेत तो कधी पडेल, कधी नाही.

आता स्वयंपाकघराचा हिशोब करू. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर येतात, पोरांची कॅल्क्युलेटर घ्या. इंडक्शन १८०० वॅट म्हणजे जवळजवळ ८ अँपिअर. गीझर २००० वॅटचा, पावणेनऊ. मिक्सर ७५० वॅट, सव्वातीन. तिन्ही एका लाईनवर असतील तर वीस होतात, म्हणजे बरोबर त्या मधल्या जागेत. म्हणून सोमवारी चटणी वाटून झाली तरी काही होत नाही आणि मंगळवारी पीठ भिजवता भिजवता अंधार. मंगळवारी कोणीतरी हॉलमध्ये इस्त्री लावलेली असते. हजार वॅटची इस्त्री, आणखी सव्वाचार, बेरीज चोवीसच्या वर. आमच्यासारख्या घरांत, जिथे सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, तिथे सगळं स्वयंपाकघर पाच ते साडेसहात एकदम चालतं. त्याच वेळी मुलं शाळेतून येऊन गीझर लावतात. शेजारच्या घरात तेच काम रात्री नऊपर्यंत पसरलेलं असतं. त्यांची पडत नाही आणि आमची पडते, यात त्यांचा डबा चांगला आणि आमचा वाईट असं काहीच नसतं.

उन्हाळ्यात आणखी एक भर. ती पट्टी ३० अंश तापमान धरून जुळवलेली असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि डबा जर पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली असेल, तर पट्टी आधीच अर्धी वाकलेली असते. तेवढ्याच वापराला ती लवकर पडते.

मोटारीची गोष्ट वेगळीच. सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते, अगदी काही क्षण, आणि म्हणून तिच्यासाठी ‘सी’ अक्षराचा एमसीबी घालतात, जो एवढा धक्का सोसतो. ‘बी’ अक्षराचा घातला तर तो मोटार लावताच पडू शकतो. ते अक्षर आकड्याच्या आधी छापलेलं असतं, चष्मा लावून बघा. शिवाय आमचा भाग उसाचा. शेतीपंप चालू झाले की पूर्वी गावातलं व्होल्टेज पार खाली यायचं, दिव्याची तार नुसती लाल दिसायची. व्होल्टेज उतरलं की गीझर कमी वीज ओढतो, पाणी कोमटच राहतं. पण पाणी उपसणारी मोटार उलट जास्त अँपिअर ओढते, कारण तिला तेवढंच काम करायचं असतं. त्यामुळे लाईट ‘मंद’ असताना मोटारीचा खटका पडायचा आणि लोक म्हणायचे, लाईटच नाही तर जास्त लोड कुठून?

यावर आजच्या काळातला तांब्याचा तंतू म्हणजे मोठा एमसीबी. “सोळाचा पडतोय ना वहिनी, बत्तीसचा टाकून देतो.” बत्तीसचा टाकला की पडायचा थांबतो. भिंतीतली वायर मात्र तीच बारीक असते, आणि तिला वाचवायला आता कोणी नसतं. किटकॅटमध्ये तीन तंतू गुंडाळणाऱ्या त्या धीट पुरुषाचाच हा नातू.

मोठ्या जगातही असंच चालतं बरं का. ३० जुलै २०१२ च्या रात्री मध्य प्रदेशातल्या बीना–ग्वाल्हेर वाहिनीवर जास्त भार आला. वाहिनी तुटली नव्हती, शॉर्टही झाली नव्हती, पण रक्षक यंत्रणेने वाढलेला भार हाच बिघाड समजून ती बंद केली. तिचा भार दुसऱ्यांवर, त्या पडल्या, मग तिसऱ्यांवर, आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी परत तेच, पूर्व आणि ईशान्य भारतासकट. साठ कोटींच्या वर लोक अंधारात होते. महाराष्ट्र वाचला. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अशीच थांबली, कळव्याकडे येणाऱ्या वाहिन्या एकापाठोपाठ एक बंद पडल्या म्हणून. एक इस्त्री जास्त लागली की काय होतं ते बघा.

आता त्या दशकाबद्दल, ज्याची आठवण आमच्या पिढीला चांगली आहे. दाभोळचा प्रकल्प २००१ साली बंद पडला, मागणी वाढत राहिली आणि राज्यात भारनियमन सुरू झालं. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, आपल्या बिलावर महावितरण आलं. पुणे शहराने २००६ साली जादा पैसे देऊन भारनियमन टाळायची सोय करून घेतली. आम्ही हायवेवर उभं राहिलो की पश्चिमेला पुण्याचा उजेड आभाळात दिसायचा आणि मागे गाव काळोखात. तेव्हा घरोघर इन्व्हर्टर आले. कोणी बसवले, कसे बसवले, कोणाला विचारायची फुरसत नव्हती. परीक्षेच्या आधी दिवा लागला पाहिजे, बाकी काही नको.

त्या घाईत एक गोष्ट हजारो घरांत झाली. इन्व्हर्टरच्या दिव्यांना फेज इन्व्हर्टरकडून आणि न्यूट्रल जिथे जवळ सापडलं तिथून, दुसऱ्याच लाईनचं. दिवे लागले. सगळे खूश. पंधरा वर्षं काही झालं नाही. मग घरात तिसरा पहारेकरी आला आणि रोज लाईट पडायला लागली.

हा तिसरा म्हणजे आरसीसीबी. जुने वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. डब्यात सगळ्यात रुंद, त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं तोच. फ्यूज वायर वाचवतो, एमसीबीही वायरच वाचवतो. माणसाला वाचवायला जन्मलेला हा पहिला. गेल्या शतकाच्या मधल्या काळात दोन-तीन ठिकाणी लोक एकाच प्रश्नाच्या मागे होते. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींमधल्या अपघातांमुळे हेन्री रुबिन, ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर, ज्यांनी विजेचे प्रयोग स्वतःच्या अंगावर करून पाहिले, आणि अमेरिकेत बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील.

डॅल्झील यांनी एक साधा प्रश्न धरला. हातात धरलेली तार माणूस कितीपर्यंत सोडू शकतो? विजेने स्नायू आवळले की हात उघडतच नाही. त्यांनी स्वयंसेवकांवर मोजलं: पुरुषांची सरासरी १६ मिलीअँपिअर, बायकांची साडेदहा. हा आकडा वाचून मी थोडा वेळ थांबले. घरात ओल्या हाताने मिक्सर, मशीन, इस्त्री, हीटरचा रॉड हाताळणारं माणूस कोण, ते तुम्हाला सांगायला नको.

हे आकडे शेजारी ठेवून बघा. चाळीस वॅटचा दिवा पेटायला १७० मिलीअँपिअरच्या वर वीज लागते. म्हणजे सासूबाईंच्या ओसरीतल्या एका दिव्यातून जेवढी वाहायची तेवढी छातीतून गेली तर माणूस जाऊ शकतो. सोळा अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलीअँपिअर. माणूस तारेला चिकटला तर एमसीबीच्या हिशोबात तो आणखी एक दिवा. तो पडत नाही. पडायचं कारणच नाही.

आरसीसीबी वेगळंच मोजतो. फेजने घरात गेली तेवढी वीज न्यूट्रलने परत आली का? आपण दुधाचा हिशोब घालतो तसा. तेवढीच परत आली तर ठीक. ३० मिलीअँपिअरची तूट आली, म्हणजे कुठून तरी गळतेय, भिंतीतून, नळातून किंवा माणसातून जमिनीत. मग तो क्षणात पडतो. आता त्या इन्व्हर्टरचं आठवा. वीज एका लाईनने गेली आणि दुसऱ्याच न्यूट्रलने परत आली. गळती कुठेच नाही, पण हिशोब जुळत नाही. तो पडणारच! दोष त्याचा नाही. पंधरा वर्षांपूर्वीची चूक त्याने आज दाखवली.

त्याच्या पडण्याची दुसरी वेळ पावसाळा. चातुर्मासात आपल्याकडे उकळून गार केलेलं पाणी पितात, आणि गॅस वाचवायला कोणी केटली लावतं, कोणी रॉड. गरम करणाऱ्या या नळ्यांच्या आत मॅग्नेशियम ऑक्साईडची भुकटी भरलेली असते आणि ती दमट हवेत ओल धरते. उन्हाळाभर बंद ठेवलेला गीझर किंवा रॉड आषाढात पहिल्यांदा लावला की आरसीसीबी पडतो तो बहुतेक यामुळे. आषाढाच्या तोंडावरच, ज्येष्ठाच्या अखेरीस, तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला असते. कालभैरवनाथाच्या देवळात हजारोंसाठी पिठलं-भाकरी, आणि गावातल्या प्रत्येक ओट्यावर वारकऱ्यांचे मोबाईल चार्जिंगला. एका वायरीवर दहा-दहा चार्जर, वायर ओल्या फरशीवर. त्या रात्री गावात किती आरसीसीबी पडत असतील! प्रत्येक चार्जर थोडीशी वीज जमिनीत सोडतच असतो, एकट्याची गळती नगण्य, पण बेरीज होते. शिवाय ३० च्या आरसीसीबीला नियमाने पंधराच्या वर कुठेही पडायची मुभा आहे.

मग घरात भांडण होतं. आमच्याकडेही झालं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात पाऊस लागला की आरसीसीबी पडायचा, दिवसातून चार-पाच वेळा. मोठे दीर वैतागले, फ्रीजमधलं दूध नासलं. बोलावलेले वायरमन दादा म्हणाले, “हा काढून सरळ जोडून देतो, परत त्रास नाही.” दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं होतं. पण त्याच साली जूनमध्ये आमच्याच दौंड तालुक्यातल्या एका गावात कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली होती आणि एका घरातली तीन माणसं गेली होती. ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. मी म्हटलं, काढायचा तर काढा, पण आधी तो कशासाठी पडतो ते मला दाखवा.

मग दुपारभर शोध चालला. सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर. राहिला. हॉलचा एमसीबी वर केला, पंखे लावले, पडला. हॉलच्या सगळ्या वायरी तपासल्या, काही नाही. स्वयंपाकघराचा एकटा वर केला, मिक्सर लावला, परत पडला. वायरमन दादांनी डोक्याला हात लावला, आणि मग त्यांनाच सुचलं. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलंच राहतं. कुठेतरी न्यूट्रल जमिनीला टेकलं असेल तर घरात काहीही लावा, परतीची थोडी वीज त्या वाटेने निसटते. म्हणजे ज्याचं बटण वर केल्यावर पडतो तोच दोषी असतो असं नाही. मग डब्यातली न्यूट्रलच्या पट्टीवरची एकेक तार सोडवून बघितली. गच्चीच्या लाईनची तार सोडवली आणि पडणं थांबलं.

गच्चीत एका लोखंडी अँगलला दिवा होता, कधीतरी एका कार्यासाठी लावलेला. त्याच्या वायरीचं आवरण अँगलच्या धारेवर घासून फाटलं होतं आणि आतली न्यूट्रलची तार लोखंडाला टेकत होती. कोरडं असताना काही नाही, पावसात सगळं ओलं झालं की गळती. त्याच वायरीत, दोन-तीन मिलिमीटर शेजारी, फेजची तार होती. आणि त्याच अँगलला कपडे वाळत घालायची तार बांधलेली होती, दुसरं टोक पत्र्याच्या शेडला. दीर वर आले, बघितलं आणि काही न बोलता स्वतः ती तार सोडायला लागले.

म्हणून तुमची लाईट पडली तर आधी डब्यासमोर उभं राहा आणि कोणतं बटण खाली आलंय ते बघा. बारीक बटण, आणि बऱ्याच वेळाने पडलं असेल, तर भार जास्त आहे. बेरीज करा, गीझर आणि इंडक्शनला वेगळी जाड वायर घ्या, मोठा एमसीबी मागू नका. बारीक बटण वर राहातच नसेल तर शॉर्ट आहे, हात लावू नका. रुंद बटण पडलं असेल तर सगळे प्लग काढून एकेक लावत जा, आणि ते कोणत्या वेळी पडतं, पावसात का, कपडे धुताना का, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. वायरमनला त्या नोंदीचा फार उपयोग होतो. इन्व्हर्टर कधी बसवला आणि त्याचं न्यूट्रल कुठून घेतलंय, हे विचारायला विसरू नका. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घाला, आमच्या मुरमाड जमिनीत तो पार कोरडा होतो.

आणि ते ‘टी’चं बटण. महिन्यातून एकदा दाबायचं, दाबल्यावर लाईट पडली पाहिजे. न पडली तर तो बिघडलाय, त्याच दिवशी बदलून घ्या. मी गॅसचं सिलिंडर लावलं की दाबते, म्हणजे लक्षात राहतं. टीव्ही बघणारे ओरडतात, ओरडू देत.